सोलापुरातून वाळवंटी परिसंस्थेवर संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचं दुसरं वर्ष, घर मोहोळ तालुक्यात, थोडी कोरडवाहू शेती, गुण पासष्ट टक्क्यांच्या आसपास. वाळवंटी परिसंस्थेवर पीएच.डी. करायची फार इच्छा आहे. कॉलेजातले सर म्हणतात, ‘इथं वाळवंट कुठाय? विषय बदल.’ वडील म्हणतात, बी.एड. करून घे, मुलगी एकटी राजस्थानात कशी राहणार. आणि तुम्ही विचारताय की जोधपूरला जावं, थेट परदेशात अर्ज करावेत, की हा नाद सोडून द्यावा.

मी तुमच्याच भागातली आहे. गेली वीसेक वर्षं कोरड्या प्रदेशातल्या गवताळ जमिनींवर आणि त्यातल्या उंदरांवर काम करते आहे, निम्मं काम सोलापूर-धाराशिवच्या माळांवर, निम्मं जैसलमेर-बाडमेरकडे. त्यामुळे सरांचं, वडिलांचं आणि तुमचं, तिघांचंही म्हणणं मला ओळखीचं आहे. माझ्या घरीही बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता.

मला यात खरी अडचण वेगळीच दिसते. तुम्ही आधी जागा ठरवली आहे आणि प्रश्न अजून ठरवलेला नाही. ‘मला वाळवंटावर काम करायचं आहे’ हे वाक्य मुलाखतीत दर वर्षी कितीतरी मुलं म्हणतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वाळवंटात नेमकं काय बघायचं आहे? तिथे बहुतेक जण उंट, वाळू आणि हवामानबदल यांच्यावर येऊन थांबतात. निवड होते ती ज्याने काहीतरी मोजून पाहिलेलं असतं त्याची, मग ते कितीही लहान का असेना. तेव्हा जोधपूर की परदेश हे तूर्त बाजूला ठेवा. दाखवायला तुमच्याकडे काय आहे, हे आधी बघू.

सरांचं म्हणणं एका अर्थाने बरोबर आहे. सोलापूर वाळवंट नाही, आणि अर्जात तसं लिहिण्याचा मोह टाळा. शुष्कता मोजायची रूढ पद्धत म्हणजे वर्षभरात पडणारा पाऊस भागिले हवा आणि ऊन मिळून जेवढं पाणी उडवून नेऊ शकतात तेवढं पाणी. हा भागाकार ०.०५ ते ०.२० असेल तर प्रदेश शुष्क, ०.२० ते ०.५० असेल तर अर्धशुष्क. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. सोलापूरची सरासरी साडेपाचशेच्या आसपास. आपण अर्धशुष्क गटात बसतो. उलट लडाख आणि स्पिती, जिथे थंडीने दात वाजतात, ती मात्र वाळवंटं आहेत. वाळवंटाचा वाळूशी संबंध असतोच असं नाही, पाण्याशी असतो.

पण सरांचं म्हणणं तिथेच संपतं. इस्रायली परिसंस्थाशास्त्रज्ञ इमॅन्युएल नॉय-मेयर यांनी १९७३ मध्ये वाळवंटी परिसंस्थांची जी मांडणी केली, ती आजही आमच्या विषयाचा पाया आहे. तिचा गाभा असा: इथलं सगळं जगणं पाण्यावर चालतं, आणि ते पाणी तुटक-तुटक, लहान-मोठ्या सरींच्या रूपात, कधी येईल याचा नेम नसलेलं असं येतं. सर आली की गवत, किडे, उंदीर, पक्षी सगळे एकदम हलतात. मग ती भर बिया, मुळं, चरबी, अंडी अशा साठ्यांत जाऊन बसते आणि पुढच्या सरीची वाट बघते. हे वाचल्यावर मला आमच्या रानाचीच आठवण झाली होती. मृगाची एक सर, मग वीस दिवस कोरडं, पुन्हा एक आडवा-तिडवा पाऊस, आणि शेजारच्या शिवारात टिपूस नाही. तुम्ही हे सगळं लहानपणापासून बघत आला आहात. फक्त त्याला परिसंस्थाशास्त्र म्हणायचं कुणी सांगितलं नाही.

त्याच मांडणीत आणखी एक कल्पना आहे, आणि सोलापूरच्या मुलांनी तिच्यावर उडी मारायला हवी असं मला कायम वाटतं. सर्वसाधारण समज असा की भारी, काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन झाडांना चांगली आणि वाळू-मुरूम वाईट. भरपूर पावसाच्या प्रदेशात ते खरं आहे. कोरड्या प्रदेशात गणित उलटं होतं. चिकणमातीत थोडासा पाऊस वरच्या दोन-चार बोटांतच अडकतो आणि दोन उन्हांत उडून जातो. वाळूत किंवा मुरमाड जमिनीत तेवढंच पाणी खोल उतरतं आणि उन्हापासून वाचतं. म्हणून अगदी कोरड्या भागात हलकी जमीन झाडांना जास्त मानवते. हा पालट साधारण ३०० ते ५०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात होतो असं मानतात.

आता आपल्याकडे बघा. सरासरीने आपण त्या पट्ट्याच्या जरासे वर, आणि दुष्काळी वर्षात थेट पट्ट्याच्या आत. शिवाय एकाच गावात, एकाच पावसाखाली, चार-पाच फूट काळी जमीन आणि तिला लागून मुरमाड माळ. परतीचा पाऊस काळ्या रानात मुरला की त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकते. पण जूनमधल्या दहा-पंधरा मिलिमीटरच्या सरीने आधी कोणतं रान हिरवं होतं? माझ्या वडिलांचं उत्तर ‘माळ’ असं होतं. तुमच्या वडिलांना विचारा. मग तेच मोजून बघा: किती सरीला माळ हिरवा होतो, किती सरीला काळं रान, आणि तो क्रम कोणत्या पावसाला उलटतो. वाळवंटी परिसंस्थाशास्त्रातला हा खराखुरा प्रश्न आहे, आणि तो जैसलमेरमध्ये विचारताच येत नाही, कारण तिथे त्या प्रश्नाची एकच बाजू आहे. सीमेवर उभं राहणाऱ्यालाच दोन्हीकडचं दिसतं.

आणखीही प्रश्न आहेत, ते भराभर सांगते. वेडी बाभूळ (कच्छात तिला गांडो बावळ म्हणतात) जिथे घुसली तिथे खालच्या गवताचं काय होतं? वाळवी एका हंगामात किती काडीकचरा खाते? कोरड्या भागात कुजवण्याचं काम ओलीपेक्षा वाळवी आणि ऊन जास्त करतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. पंख्यासारखा गळा फुगवणारे माळावरचे सरडे कोणत्या दगडावर कधी बसतात? त्या सरड्यांच्या एका प्रजातीगटाला २०१६ मध्ये शास्त्रीय नावच ‘सरडा’ असं मिळालं आहे, थेट मराठीतून. आणि माळावर झाडं लावली की खोकड, धाविक, चंडोल यांचं काय होतं, हा तर आपल्याकडचा भांडणाचाच विषय आहे. सरकारी नकाशांत माळरान बहुतेकदा ‘पडीक’ म्हणून रंगवलेलं असतं, आणि पडीक म्हटलं की कुणीतरी खड्डे घ्यायला तयारच असतं.

सोलापूरजवळचं नान्नज तुमच्या डोक्यात असणारच. माळढोक अभयारण्य १९७९ चं, सुरुवातीला साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, नंतर घटवून सव्वाबाराशेच्या आसपास आणलेलं. माळढोक आता तिथे जवळजवळ उरलेला नाही. देशातले बहुतेक उरलेले पक्षी जैसलमेरकडे आहेत आणि तिथेच २०१९ पासून बंदिस्त पैदास चालू आहे. नान्नजला काळवीट, लांडगा, खोकड, गवतं, कीटक यांचं काम भरपूर आहे, पण अभयारण्यात अभ्यासाला शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाची लेखी परवानगी लागते. ती कधी महिन्यात येते, कधी हंगाम उलटून जातो. पदव्युत्तर प्रबंधाची सगळी भिस्त त्या कागदावर ठेवू नका. गावचं गायरान, स्वतःचा बांध, पाहुण्यांचं पडीक रान इथे सुरुवात करा. गायरानासाठी ग्रामपंचायतीत एक अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता काम कसं करायचं ते माझ्या चुकांवरून सांगते, कारण यशापेक्षा त्या जास्त उपयोगी पडतात.

पहिल्या वर्षी मी एका बांधाच्या अलीकडे चरायला मोकळ्या रानात दहा चौकटी टाकल्या आणि पलीकडे राखलेल्या रानात दहा. प्रत्येक चौकट मीटर बाय मीटर. सगळं गवत कापलं, तोललं, तक्ते केले, फार खूश होते. पुण्यात एका बाईंना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, ‘रानं किती?’ रानं दोनच होती. वीस चौकटींनी वीस पुरावे होत नाहीत. त्या दोन रानांत चराईशिवाय आणखी दहा गोष्टींचा फरक असू शकतो, एखाद्यात जुनी विहीर बुजवलेली असू शकते. पाच-सहा राखलेली आणि पाच-सहा मोकळी रानं हवीत, मग प्रत्येकात तीनच चौकटी टाकल्या तरी चालतील. मुलाखतीत ‘तुमच्या अभ्यासात स्वतंत्र नमुने किती?’ याचं सरळ उत्तर देणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. तुम्ही तो असायला हवं.

दुसरी चूक: गवत ओलंच तोललं. सकाळी दवात कापलेलं आणि दुपारी उन्हात कापलेलं गवत एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थच नव्हता. ते साठ-सत्तर अंशांवर अठ्ठेचाळीस तास ओव्हनमध्ये वाळवून मगच तोलायचं असतं. मातीची ओल मोजायची तर नमुना लगेच झाकणबंद डबीत, जागेवर तोल, मग १०५ अंशांवर चोवीस तास, पुन्हा तोल. एवढंच. यंत्रं महाग आहेत म्हणून अडून बसू नका. ओव्हन आणि चांगला तराजू प्रत्येक कॉलेजात असतो. ओव्हनची किल्ली कुणाकडे असते तेवढं शोधून ठेवा.

तिसरी गोष्ट मला चूक म्हणावीशी वाटत नाही. चराई थांबवायला मी बाभळीच्या काट्यांची कुंपणं केली होती. एका सोमवारी गेले तर तीन कुंपणं गायब. रात्री मुक्कामाला आलेल्या धनगरांनी मेंढरांच्या वाड्याला वापरली होती. मी चिडून भांडायला गेले आणि दोन तास बसून आले. त्यांच्यातल्या म्हातारबाबांनी सांगितलं की कुसळी गवत कोवळं असतं तोवर मेंढरं खातात, पण त्याची कुसळं पिकली की लोकरीत शिरतात, कातड्याला टोचतात, मग कळप तो माळ टाळून पवन्या-मारवेल या गवतांकडे नेतात. मी चराई ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहीत होते, आणि हा माणूस मला आठवड्यागणिक वेळापत्रक सांगत होता. पुढच्या वर्षी मोजणी मी दसऱ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोन वेळा केली. प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातून निघालं. माळ ज्यांच्या चालण्यातला आहे त्यांना पहिल्याच दिवशी भेटा.

पावसाची नोंद स्वतः ठेवा. तालुक्याच्या ठिकाणचा आकडा तुमच्या शिवाराला लागू पडत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जुन्या मालिकेसाठी मात्र सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राकडे जा. ते १९३३ पासूनचं आहे, आणि जमिनीतली ओल, जमिनीची खोली, रब्बी ज्वारी यांवर तिथे झालेलं काम वाळवंटी परिसंस्थाशास्त्राचा सख्खा शेजारी आहे. आपली मुलं तिकडे ‘ते शेतीवाले’ म्हणून फिरकत नाहीत. मोठी गफलत आहे ती.

आता संस्थांकडे वळू. जोधपूर म्हटलं की काजरी, म्हणजे केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था, १९५९ ची. तिचा भर शेती, चारा, वाळूचे टिब्बे थोपवणं, पाणी यांवर आहे. तिथेच शुष्क वन संशोधन संस्था आहे. प्राणी आणि वनस्पती सर्वेक्षण खात्यांची वाळवंटासाठीची केंद्रंही जोधपूरलाच आहेत. अशा ठिकाणी काम संस्थेत होतं आणि पदवी बहुधा एखाद्या विद्यापीठाची असते, म्हणून नोंदणी कुठे होणार हे पहिल्याच भेटीत विचारा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने हे विचारलं नाही. दोन वर्षं नमुने गोळा केले आणि तोवर त्याची नोंदणीच झालेली नव्हती.

भूजला गुजरात इन्स्टिट्यूट ऑफ डेझर्ट इकॉलॉजी आहे, नावातच तुमचा विषय. कच्छचं रण, बन्नीची गवताळ जमीन, वेडी बाभूळ, मालधारी पशुपालक या सगळ्यांच्या अगदी जवळ. मराठी मुलांना भूज जोधपूरपेक्षा सोपं जातं असा माझा अनुभव आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे थारमधले प्रकल्प मोठे आहेत, विशेषतः माळढोकाचे. बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेचं परिसंस्थाशास्त्र केंद्र आणि अत्री ही पर्यावरण संशोधन संस्था या दोन ठिकाणी पीएच.डी. होते. तिथे ‘वाळवंट विभाग’ नसेल, पण कोरड्या गवताळ जमिनींवर काम करणारे मार्गदर्शक असतात, आणि तुम्हाला विभागाच्या पाटीपेक्षा मार्गदर्शकाची गरज जास्त आहे. बेंगळुरूच्याच एनसीबीएसची (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राची) वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. मला फार आवडते, दुसरी एम.एस्सी. करायची तयारी असेल तर. तिची तुकडी दर वर्षी निघतेच असं नाही, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा. थंड वाळवंटाची ओढ असेल तर स्पिती-लडाखमध्ये हिमबिबट्या आणि चराई यांवर बरंच काम चालतं. तिथे मोजणीचा हंगाम छोटा असतो आणि श्वास लागतो, एवढं लक्षात ठेवा.

थारमधले नवे प्रश्नही डोळ्यांसमोर असू द्या, कारण पैसा तिकडे जातोय. इंदिरा गांधी कालव्याने जिथे पाणी आलं तिथे वाळवंटातले जीव तगले की शेतातल्या जीवांनी त्यांना हटवलं? भडल्याचा सौरप्रकल्प २,२४५ मेगावॅटचा आहे. त्या सौरपट्ट्यांखालच्या सावलीत आणि धुण्याच्या पाण्यात जमिनीचं काय होतं? अशा प्रश्नांवर थेट पीएच.डी. मिळाली नाही तरी प्रकल्प सहायकाच्या जागा निघतात. त्यांना कमी लेखू नका. माझ्या विद्यार्थ्यांपैकी चांगल्या पीएच.डी.ला लागलेले बहुतेक जण आधी वर्ष-दीड वर्ष कुणाच्या तरी प्रकल्पात राबलेले आहेत. तेवढ्यात ऊन सोसतं का, हिंदी सुधारते का, आणि मुख्य म्हणजे हे काम रोज करायला आवडतं का, ते कळतं. मला पहिल्या मे महिन्यात बाडमेरला रडू आलं होतं. दुसऱ्या मे महिन्यात नाही.

पैशाचं बघू. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळालं की २०२३ पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, पुढे एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला) ४२,०००. तुमच्यासाठी लाइफ सायन्सेसचा पेपर सोयीचा, आणि त्याला घाबरायचं कारण नाही. शेवटच्या भागात ७५ प्रश्नांपैकी २५ च सोडवायचे असतात आणि त्याच भागाला दोनशेपैकी शंभर गुण आहेत. परिसंस्था, उत्क्रांती, वर्तन, जैवविविधता ही प्रकरणं घट्ट केली तर रेणूजीवशास्त्र कच्चं असूनही निभावतं. यूजीसी-नेटमध्ये पर्यावरणशास्त्र आहेच. गेट परीक्षेतही परिसंस्था आणि उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर आहे, तो पुष्कळांना माहीतच नसतो. फेलोशिप हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्या बघा. तुम्ही कोणत्या प्रवर्गात बसता त्यावर त्या अवलंबून आहेत, आणि पैसे वेळेवर येतीलच असं धरून खोली भाड्याने घेऊ नका. सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवा. परदेशासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

पासष्ट टक्क्यांचं विचारलंत. काही ठिकाणी ५५ किंवा ६० टक्क्यांची अट असते, ती ओलांडली की पुढे टक्के फार कुणी बघत नाही. परदेशी विद्यापीठं थोडे जास्त बघतात, पण तिथेही एखादा चांगला शोधनिबंध आणि मार्गदर्शकाचा पाठिंबा त्यावर मात करतो.

परदेशात वाळवंटाच्या अभ्यासाची खरी जुनी घराणी मोजकीच आहेत. इस्रायलमध्ये नेगेव्ह वाळवंटात बेन-गुरियन विद्यापीठाचा स्दे बोकेर परिसर आहे. तिथे वाळवंट अभ्यासाची एम.एस्सी. आणि पीएच.डी. इंग्रजीतून होते. तिथल्या परिस्थितीवर मात्र सगळं अवलंबून आहे, घरच्यांशी बोलूनच ठरवा. नामिबियात गोबाबेब हे संशोधन केंद्र १९६२ पासून नामिब वाळवंटात आहे. ते विद्यापीठ नाही, पण प्रशिक्षण आणि क्षेत्रकामासाठी तिथे जाता येतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधले होर्नाडा आणि सेव्हिलेटा हे दीर्घकालीन अभ्यासाचे प्रदेश, आणि ॲरिझोनात टुमामॉक टेकडीवर १९०३ पासूनची वाळवंट प्रयोगशाळा. अमेरिकेत पीएच.डी.चा खर्च बहुधा विद्यापीठ उचलतं, बदल्यात शिकवण्याचं किंवा संशोधनाचं साहाय्यक म्हणून काम करावं लागतं. स्वतःचे पैसे भरून पीएच.डी. करायची वेळ आली तर ती जागा सोडा. एजंटकडे तर जाऊच नका.

तिथे अर्ज आधी माणसाकडे जातो, मग विद्यापीठाकडे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राध्यापकाला पत्र, डिसेंबरच्या सुमारास अर्ज, पुढच्या ऑगस्टला प्रवेश. मी पहिल्या खेपेला तीस प्राध्यापकांना एकच पत्र पाठवलं होतं, फक्त नाव बदलून. एकाचंही उत्तर आलं नाही. दोन पत्रांत तर नाव बदलायचंही राहिलं होतं. पुढच्या वर्षी चारच पत्रं लिहिली. प्रत्येकात त्यांच्या एका लेखातला एक तक्ता, तो आमच्या माळावर लागू पडतो का याबद्दल माझी शंका, माझे दोन पावसाळ्यांचे आकडे, आणि जागा व निधी आहे का हा सरळ प्रश्न. पत्र एका पानाचं. तिघांनी उत्तर दिलं.

आणि एक काम सोलापुरात बसून आजच करता येईल. ॲरिझोनात पोर्टल गावाजवळ जेम्स ब्राउन यांनी १९७७ मध्ये चोवीस कुंपणबंद तुकड्यांवर एक प्रयोग सुरू केला. काही तुकड्यांतून कांगारू उंदीर काढून टाकले. साधारण बारा वर्षांनी त्या तुकड्यांत झुडपांचं वाळवंट जाऊन गवताळ जमीन झालेली दिसली, नुसते उंदीर काढल्यामुळे. या प्रयोगाची सगळी आकडेवारी कुणालाही मोफत वापरता येते. ‘आर’ ही संगणकभाषा शिका, तीही मोफत आहे, आणि त्या आकड्यांवर पाऊस आणि उंदीर यांचा एक आलेख काढा. कुठल्या सरीनंतर किती महिन्यांनी उंदीर वाढतात? हे करून दाखवणाऱ्या मुलीला तिची एम.एस्सी. कुठली, असं कुणी विचारणार नाही.

वडिलांच्या काळजीबद्दल मी शहाणपण सांगणार नाही. ती खोटी नाही. मी कधीच एकटी रानात गेले नाही, आणि आजही माझ्या मुलींना, मुलांनाही, एकटं पाठवत नाही. जोडीने जायचं, गावातल्या एका घराशी ओळख ठेवायची, कुठे चाललो ते सांगून जायचं, अंधाराआधी परतायचं. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींना फोन करा. पैसे वेळेवर मिळतात का, क्षेत्रावर कोण सोबत असतं, लेखावर नाव कुणाचं लागतं, सगळं स्पष्ट विचारा. मी माझ्या पहिल्या मार्गदर्शकांबद्दल कुणालाच विचारलं नव्हतं आणि त्याची किंमत दोन वर्षं होती. वडिलांना एकदा सोबत माळावर न्या. माझे वडील पहिल्याच दिवशी माझ्या हातातलं खुरपं घेऊन म्हणाले, ‘असं नाही, मूळ तुटतंय,’ आणि त्यानंतर बी.एड.चा विषय आपोआप मागे पडला. पण घरावर कर्ज असेल, धाकटी भावंडं शिकत असतील, तर बी.एड. करून नोकरी लागल्यावर पीएच.डी. करणं यात काही कमीपणा नाही. माझ्याकडची एक उत्तम विद्यार्थिनी आज माध्यमिक शाळेत शिकवते आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत नमुने घेते. वेळ लागतो, एवढंच.

तर क्रम साधारण असा: या पावसाळ्यात माळ आणि काळं रान यांची पाच-पाच ठिकाणं, तेच एम.एस्सी.च्या प्रबंधाला. त्यासोबत नेटची तयारी. हिवाळ्यात पोर्टलचे आकडे. मग भूज आणि जोधपूरकडे प्रकल्पातल्या जागांसाठी अर्ज, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर, हातात दोन हंगाम असताना, परदेशातली चार पत्रं. सर ‘वाळवंट’ शब्दावर अडले तर शीर्षकात ‘अर्धशुष्क’ लिहा. विषय तोच राहतो.

पर्जन्यमापक मे संपायच्या आत उभा करा, वळवाची पहिली सर निसटू देऊ नका. छताच्या आणि झाडाच्या आडोशापासून लांब ठेवा, रोज सकाळी साडेआठला वाचा आणि वहीत लिहा, शून्य असलं तरी शून्य लिहा. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, चार दिवस टिकते. तुमच्या रानात काळी जमीन किती फूट खोल आहे आणि माळ बांधापासून किती अंतरावर आहे ते कळवा, म्हणजे चौकटी कुठे टाकायच्या ते नकाशावर बसून ठरवू.